पाच हजारांची रेघ

आमच्या चर्चच्या चालू खात्यातली रक्कम पाच हजार डॉलरच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा नियम माझा. मीच केला, मीच पाळतो आणि त्यापायी निम्म्या ब्रॅकेट गावाच्या शिव्याही मीच खातो. उरलेलं निम्मं गाव कॅथलिक आहे, त्यांचा संबंध नाही.

खजिनदार व्हायची मला हौस नव्हती. मी जिल्ह्याच्या रस्ते खात्यात बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. सात वर्षांपूर्वी वार्षिक सभा चालू असताना लघवीला म्हणून उठलो आणि परत येईपर्यंत एकमतानं निवडून आलो होतो. आमच्याकडे खजिनदार असाच निवडतात.

पहिली पाच वर्षं बरी गेली. मग दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, चर्च गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या तेलाच्या बिलाचा चेक परत आला. खात्यात फक्त बासष्ट डॉलर कमी पडले होते. बँकेनं वर छत्तीस डॉलर दंड लावला. तेलवाला गेलॉर्ड नेसेट आमच्याच चर्चमधला, माझ्या पुढच्याच बाकावर बसणारा. त्याच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर मी रोख पैसे मोजून दिले तेव्हा तो काही बोलला नाही. तो नाही बोलला, पण बाकी सगळे बोलले. पुढे वर्षभर हॉटेलात गेलो की कुणी ना कुणी म्हणायचंच, "कर्टिस, कॉफीचे पैसे रोख दे हं बाबा."

तेव्हा मी रेघ मारली. पाच हजार. त्याच्या खाली जायचं नाही. आमचं दुसरं खातं नाही, जे होतं ते छपराच्या कामात गेलं. उणे तीसमध्ये तेल संपलं तर नळ फुटतात, भिंती तडकतात आणि मग चर्च राहत नाही. म्हणून पाच हजार. मला कुणी सांगावं की यात चूक काय आहे.

मला सांगणारी एकच होती. ऑर्फा सुंडबी. वय एक्क्याण्णव. माझ्या आधी कधी काळी बावीस वर्षं खजिनदार होती आणि गावच्या टपाल कचेरीतही तिनं जन्म काढला. दर रविवारी कॉफीच्या टेबलाशी मला गाठायची. "काय रे कर्टिस, पैसे गोठवून ठेवलेस म्हणे? एप्रिलमध्ये वितळले की सांग." मी दात काढायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, म्हातारे, तुझा चेक कधी परत आला होता का?

यंदाच्या जानेवारीत, वार्षिक सभेच्या आधीच्या गुरुवारी, पास्टर रेने माझ्या ट्रकपाशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्याला शाल गुंडाळलेली, नाक लालभडक.

"कर्टिस, खात्यात किती आहेत?"

"रेघेच्या वर दोनशे चाळीस."

"मी एकूण विचारतेय."

"एकूण असं काही नसतं, पास्टरबाई. पाच हजार म्हणजे शून्य. शून्याच्या वर दोनशे चाळीस."

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि सांगितलं. जॅनेल हॉग, आमची ऑर्गन वाजवणारी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा सोडून गेलेला, दोन मुली. गावाबाहेर ट्रेलरच्या घरात राहते. तिच्या घराची भट्टी तीन तारखेला बंद पडली. दुरुस्त होण्यासारखी नाही, नवीनच हवी. अडतीसशे डॉलर. विजेच्या एका हीटरवर तिघी एका खोलीत दिवस काढत होत्या.

"तुम्हाला ती म्हणाली?"

"ती कसली म्हणतेय! धाकटीनं रविवारच्या शाळेत घराचं चित्र काढलं. एका पलंगावर तिघी आणि कुत्रा, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. मी विचारलं तेव्हा कळलं."

"कर्ज काढू दे की."

"गाडीचं आहे तेच फिटत नाहीये तिचं."

मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं नाही. पण मला वाईट वाटलं की आधी रागच येतो, हा माझा स्वभाव आहे. "दहा फेब्रुवारीला तेलाचं बिल आहे. एकोणीसशे," मी म्हटलं. "पास्टरबाई, तुमचा पगारही त्याच खात्यातून जातो. अडतीसशे काढले तर परत चेक उडणार. जॅनेलचं घर गरम आणि देवाचं घर गार, असं करायचंय का?"

"देवाला सवय आहे," पास्टरबाई म्हणाल्या. "रविवारी मी सभेपुढे ठेवते."

"ठेवा. मग मीपण ठेवतो. रेघ सहा हजारांची करा म्हणून."

हे मी रागाच्या भरात बोललो, पण बोललो ते बोललो. आता सभेत उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं. जुन्या खजिनदारांनीही अशीच रेघ ठेवली होती, असा पुरावा दाखवला की ऑर्फाचंही तोंड बंद. म्हणून शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये गेलो.

वर ऑर्गन वाजत होता. जिन्याखाली, गरम हवेच्या जाळीला पाठ लावून जॅनेलच्या दोघी मुली अभ्यास करत बसल्या होत्या. रविवार सोडून इतर दिवशीही भट्टी चालू राहून तेल जास्त का जळतंय म्हणून मी महिनाभर डोकं फोडत होतो. त्याचं कारण असं समोरच बसलं होतं.

"घरी नाही करत अभ्यास?" मी विचारलं.

"घरी पेन चालत नाही," धाकटी म्हणाली. "शाई गोठते."

मी पुढे निघून गेलो. खरं तेच सांगतो. एक शब्द न बोलता पुढे निघून गेलो.

गायकमंडळाचे झगे टांगलेल्या खोलीत, मागे, एक पत्र्याची पेटी आहे. जुन्या चेकांच्या वह्या तीत असतात. ऑर्फाच्या काळातल्या वह्या वरच होत्या, रबरानं बांधलेल्या. पहिली उघडली आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पहिल्याच पानावर तिच्या टपालछाप अक्षरात लिहिलेलं होतं: 'हजाराच्या खाली नाही. ऑ. सुं.' दुसरी वही, तेच. तिसरी, तेच. त्या काळचे हजार म्हणजे माझ्या पाच हजारांच्या वरताण! सापडलीस की म्हातारे, मी मोठ्यानं म्हटलं. मग खुर्ची ओढून पानं चाळत बसलो. पंधराशे, तेराशे, सतराशे. बाई हजाराच्या खाली कधी आलीच नव्हती.

मार्च १९७८ पर्यंत.

त्या पानावर आधीची शिल्लक होती एकोणीसशे एक्कावन्न डॉलर चाळीस सेंट. खाली एक चेक, एकोणीसशे चाळीसचा. शिल्लक: अकरा डॉलर चाळीस सेंट. चेक शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या नावानं होता. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: 'ट्वेट बाळ'.

ब्रॅकेटमध्ये ट्वेट आडनावाचं एकच घर आहे, आणि त्या साली त्या घरात एकच बाळ जन्मलं. मी.

माझ्या जन्माची गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. अडीच महिने आधी जन्मलो, सव्वा किलोसुद्धा नव्हतो. नऊ आठवडे काचेच्या पेटीत होतो. माझे वडील, पामर, दुधाचा ट्रक चालवायचे. विम्यानं जे दिलं ते दिलं, वर एवढं मोठं बिल राहिलं. वडिलांनी ट्रक विकायचं ठरवलं, म्हणजे धंदाच संपला असता. आणि एके दिवशी इस्पितळाचं पत्र आलं: बाकी काही नाही. आईची खात्री होती की हे त्या दाढीवाल्या डॉक्टरचं काम. तो मला फार मायेनं बघायचा म्हणे. त्या वर्षापासून दर डिसेंबरात आई क्रुमकाके करते. आमच्या नॉर्वेकडच्या, वेलदोडा घातलेल्या, पातळ कुरकुरीत गुंडाळ्या. डबा भरते, दोरीनं बांधते आणि इस्पितळाला पाठवते, 'आमच्या मुलासाठी, आभारी आहोत' अशी चिठ्ठी घालून. एक वर्ष चुकलेलं नाही. दाढीवाला मेला असेल केव्हाच. डबा मात्र जातोय. सेहेचाळीस डबे झाले.

मी पानाच्या तळाशी पाहिलं. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'तेलवाल्याशी आधी बोलले. एप्रिलपर्यंत थांबतो म्हणाला. वरची भट्टी बंद. ईस्टरला कोट.'

आणि मग मला जिन्यातला फोटो आठवला. त्याला गावात 'कोटातला ईस्टर' म्हणतात. सगळं चर्च वरच्या सभागृहात कोट, टोप्या, हातमोजे घालून बसलेलं, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघतेय. दर वर्षी कुणीतरी तो किस्सा सांगतं, भट्टी ऐन ईस्टरला बिघडली म्हणून. मीही सांगितलाय, मोठमोठ्यानं हसत. फोटोत तिसऱ्या रांगेत आई आहे आणि तिच्या कोटाच्या आत मी आहे. फक्त टोपी दिसते.

भट्टी बिघडलीच नव्हती. शंभर माणसं माझ्यासाठी थंडीत कुडकुडत बसली होती आणि दोन-तीन जण सोडले तर कुणाला ते माहीतसुद्धा नव्हतं.

एवढा सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण त्या झग्यांमध्ये खाली बसून मी ओक्साबोक्शी रडलो. वर जॅनेल एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती, ते बरं झालं. आवाज बाहेर गेला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे तळघरात जमले. एक्केचाळीस माणसं, कॉफीची मोठी किटली, ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची कॅसरोलं चार आणि हिरवी जेली, जिला आम्ही सॅलड म्हणतो. जॅनेलला पास्टरबाईंनी मुद्दाम वर मुलांच्या गाण्याच्या तालमीला लावलं होतं. पास्टरबाईंनी विषय मांडला. एका कुटुंबाला भट्टीसाठी अडतीसशे डॉलर द्यावेत. नाव घेतलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी माहीत नसल्यासारखी तोंडं केली.

"खजिनदारांचंही काही म्हणणं आहे," पास्टरबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आता हा माणूस माझा रविवार नासवणार.

मी उठलो. हातात ती वही होती. मागच्या टेबलाशी ऑर्फानं वहीचं लाल कव्हर पाहिलं आणि तिचा कप बशीवर वाजला. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको.

"मी सहा हजारांची रेघ मागायला येणार होतो," मी म्हटलं. "जुन्या खजिनदारांनी कधी रेघ मोडली नाही, हे दाखवणार होतो."

"कर्टिस, खाली बस," ऑर्फा म्हणाली. "कॉफी गार होतेय."

"नाही बसत, ऑर्फाबाई."

"बस म्हणते ना!"

"सेहेचाळीस वर्षं तुम्ही गप्प बसलात. आता पाच मिनिटं मला बोलू द्या." आणि मी ते पान वाचून दाखवलं. तारीख, रक्कम, शिल्लक. 'ट्वेट बाळ' वाचून बाहीनं नाक पुसलं. मग पुढचं वाचलं. 'ईस्टरला कोट.'

आमच्यात सभेत कुणी रडत नाही. अंत्यविधीलासुद्धा लोक गाडीत जाऊन रडून येतात. सगळ्यांनी आपापल्या जेलीत माना घातल्या. मला कुणाकडे बघायचं ते कळेना, म्हणून मी सगळ्यांनाच म्हटलं, "तुमच्यातले जे त्या फोटोत आहात, त्यांचे मी आभार मानतो. तुमच्या आई-वडिलांचेही. मी आहे तो तुमच्यामुळे. माझ्या घरचा दुधाचा ट्रक राहिला तो तुमच्यामुळे. आणि मी काल त्या पोरींना जिन्याखाली बसलेलं पाहून तसाच पुढे गेलो. माझी मला लाज वाटते. पैसे देऊन टाका. माझी सही तयार आहे."

"आणि तेलाचं बिल?" कुणीतरी मागून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ऑर्फा काठी टेकत उभी राहिली. "तेच तर शिकत नाही हा मुलगा. चेक लिहायच्या आधी तेलवाल्याला विचारायचं असतं. मी विचारलं होतं. गेलॉर्ड, तुझा बाप काय म्हणाला होता?"

गेलॉर्ड नेसेट माझ्यापुढेच बसला होता. चेक परत आला तेव्हा एक शब्द न बोललेला गेलॉर्ड. त्यानं तोंड पुसलं. "बाबा मला सांगून गेले की ऑर्फा सुंडबीचा फोन आला तर हो म्हणायचं आणि कारण विचारायचं नाही. मी आयुष्यभर फोनची वाट बघतोय." मग माझ्याकडे वळला. "मार्चअखेरपर्यंत थांबतो. पण कर्टिस, तेव्हाचा चेक वटू दे रे बाबा."

सगळे हसले, आणि हसता हसता डोळे पुसून घेतले, म्हणजे कुणाला कळायला नको.

"मग रेघेचं काय?" मी ऑर्फाला विचारलं. "काढून टाकू?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. तू ठेवलेस म्हणून तर आज आहेत. शहाणा मुलगा आहेस. आता दे आणि उद्यापासून परत साठवायला लाग."

मतदान झालं. एकही हात खाली नव्हता. वरून तालमीचा आवाज येत होता, मुलं बेसूर गात होती. मी तिथंच चेक लिहिला, भट्टीवाल्याच्या नावानं.

आणि तेव्हा माझी आई उठली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, डोळ्यांना आता कमी दिसतं, पण चालीवरून मला कळलं की कुणाची तरी धडगत नाही. टेबलांच्या मधून वाट काढत ती सरळ ऑर्फासमोर गेली.

"ऑर्फा! दर वर्षी तो डबा तुझ्याच खिडकीवर आणायचे मी."

"हो, आर्डिस."

"तूच वजन करायचीस. तूच शिक्का मारायचीस. पत्ता नीट लिहिलाय ना, म्हणून मी तुलाच विचारायचे!"

"पत्ता नीटच होता."

"नोकरी संपल्यावरही गाडीत माझ्याबरोबर यायचीस, डबा मांडीवर घेऊन. फुटेल म्हणून. आणि मी सगळ्या रस्त्यानं त्या दाढीवाल्याचे गुण गायचे!"

"चांगला माणूस असेल तो."

"आणि वर टपालाचे पैसे घेत होतीस माझ्याकडून!"

"टपाल सरकारचं असतं, आर्डिस," ऑर्फा म्हणाली.

आईनं तिच्या टेबलावर थाप मारली. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. "का नाही सांगितलंस?"

ऑर्फानं काठी दोन्ही हातांत धरली. "सांगितलं असतं तर पामर मागच्या बाकावर जाऊन बसला असता. मला बघितलं की टोपी काढली असती. तूही दर रविवारी कुणी काय दिलं असेल म्हणून एकेकाचं तोंड बघत बसली असतीस. त्यापेक्षा दाढीवाला बरा. तो लांब राहायचा."

 आई कोट घालून बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. मी दहा मिनिटांनी गेलो. त्या आधी गेलो असतो तर मारच खाल्ला असता.

मंगळवारी जॅनेलच्या घरी भट्टी बसली. बुधवारी जिन्याखालची जागा रिकामी होती. धाकटी मला शाळेबाहेर दिसली तेव्हा मी ट्रकची काच खाली केली. "पेन चालतं का?" "चालतं," ती म्हणाली आणि पळाली. खात्यात चौदाशे चाळीस डॉलर होते आणि मला झोप लागत होती.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "गाडी काढ." गेलो तर सगळं घर वेलदोड्याच्या वासानं भरलेलं. जानेवारीत क्रुमकाके मी जन्मात पाहिले नव्हते. तिनं डबा भरला, दोरी बांधली, गाठ मारताना मला बोट ठेवायला लावलं. चिठ्ठी घातली नाही. रस्ताभर डबा मांडीवर धरून बसली.

ऑर्फा तिच्या खोलीत खिडकीशी बसली होती. आईनं कोटही काढला नाही. पुढे गेली आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. ऑर्फानं जन्माच्या सवयीनं तो दोन्ही हातांवर तोलला, गाठ चाचपली आणि मग उलटापालटा करून बघायला लागली.

"तीन पौंड, चार औंस," ती म्हणाली. "आर्डिस, पत्ता लिहायचा राहिलाय."

"राहू दे," आई म्हणाली आणि तिच्याजवळ बसून तिचा हात हातात घेतला. "पोचलाय."